हात कायम गार राहतात? हँड वॉर्मर, हातमोजे आणि रबरी पिशवीचा हिशेब

हँड वॉर्मरच्या, म्हणजे हात शेकायच्या छोट्या साधनाच्या, खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत तापमान छापलेलं असतं. ५५ अंश, ६० अंश, कधी त्याहून जास्त. वस्तू निवडताना सगळ्यात कमी उपयोगाचा आकडाही तोच. काडेपेटीची जळती काडी शेकडो अंश तापलेली असते, पण तिच्यावर हात शेकून निघत नाहीत. कायम गार राहणाऱ्या हातांना टिकून राहणारी ऊब लागते. म्हणून इथे प्रत्येक वस्तूला तीनच प्रश्न विचारले आहेत: एकूण उष्णता किती मिळते, ती किती वेळ पुरते, आणि बोटं गारठायच्या आधी ती वापरता येते का.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. थंडी लागली की शरीर आधी छाती-पोटातले अवयव सांभाळतं आणि हातापायांकडचं रक्त कमी करतं. बोटांची टोकं यात पहिली सापडतात. तिथे मांस जवळजवळ नाही, कातडीचा पसारा मात्र मोठा. बोटं हलवणारे मोठे स्नायूसुद्धा मनगटाच्या वर, कोपराकडच्या भागात आहेत. बोटांची त्वचा १५ अंशांच्या आसपास उतरली की शर्टाचं बटण लावणं, कुलपात चावी फिरवणं अवघड होऊन बसतं. रक्ताचा नळ एकदा आवळला गेला की बाहेरून दिलेली ऊब वरच्यावर राहते आणि आत पोचायला वेळ लागतो. म्हणून खालची कुठलीही वस्तू घराबाहेर पडायच्या १० मिनिटं आधी हातात घ्यावी, बोटं दुखायला लागल्यावर नव्हे. आणि आधी छाती, मान, कान झाकावेत. अंगात पातळ शर्ट आणि हातात महागडे हातमोजे म्हणजे आधी कळस मग पाया.

मोजमाप किलोज्यूलमध्ये करू. पाव लिटर पाणी साधारण एका अंशाने तापवायला एक किलोज्यूल उष्णता लागते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सुरुवात घरातल्या जुन्या रबरी पिशवीपासून, कारण हिशेबात तीच भल्याभल्यांना भारी पडते. तिच्यात दीड लिटर पाणी ७० अंशांवर भरलं आणि ते ४० अंशांपर्यंत निवलं, तर सुमारे १९० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तीनचारशे रुपयांत एवढी ऊब दुसरं काहीही देत नाही. घरून काम करणाऱ्यांनी ती टेबलावर न ठेवता मांडीवर, पोटाशी धरावी. पोट-मांड्या उबदार राहिल्या की शरीर बोटांकडचा नळ आपणहून सैल करतं, आणि दोन्ही हात टायपिंगला मोकळे राहतात.

पिशवी भरण्यातच बहुतेकांची चूक होते. उकळतं पाणी ओतू नये. त्याने रबर लवकर चिवटपणा सोडतं, आणि झाकण निसटलं तर गंभीर भाजतं. पाणी उकळल्यावर गॅस बंद करून काही मिनिटं थांबावं, पिशवी दोन तृतीयांशच भरावी, मग ती टेबलावर आडवी दाबून तोंडाशी पाणी येईपर्यंत आतली हवा काढावी आणि झाकण आवळावं. हवा राहिली तर पिशवी फुगते आणि अंगाला नीट टेकत नाही. झाकणातली रबरी चकती कडक झाली असेल तर पिशवी ठिबकणारच, तेव्हा विकत घेताना ती चकती नखाने दाबून पाहावी. रबर दुमडून पाहावं. घडीवर बारीक भेगा दिसल्या तर ती पिशवी बाद. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना एक सोय आहे: तिथल्या प्रमाणित पिशव्यांवर पाकळ्यांच्या फुलाची खूण असते, आणि फुलाच्या मधोमध पिशवी बनल्याचं वर्ष असतं. दोन वर्षांनी ती बदलावी असा तिथला सल्ला. आपल्याकडे वर्ष शोधत बसण्यापेक्षा घेतल्याची तारीख मार्करने खोळीवर लिहून ठेवावी.

पिशवी घेऊन लोकलमध्ये किंवा ट्रेकला जाता येत नाही. तिथे कामाला येतं हवेवर तापणारं पाकीट, म्हणजे प्लास्टिकच्या वेष्टणातून काढलं की आपोआप गरम होणारी कापडी पुडी. जपानमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस ही पाकिटं घरोघर पोचली. आता ‘हॉटहँड्स’सारख्या नावांनी इथेही ऑनलाइन मिळतात. आत लोखंडाची भुकटी, मीठ, पाणी, सक्रिय कोळसा आणि पाणी धरून ठेवणारं व्हर्मिक्युलाइट किंवा लाकडाचा भुसा असतो. वेष्टण फोडलं की हवा आत शिरते आणि लोखंड गंजायला लागतं. पावसाळ्यात गेटच्या कडीला लागतो तोच हा गंज, फक्त शेकडो पट वेगाने. एक ग्रॅम लोखंड पूर्ण गंजताना सुमारे ७ किलोज्यूल देतं. पुडीत १० ग्रॅम लोखंड धरलं तर झाले ७० किलोज्यूल. ते १० तासांत वाटलं तर जेमतेम २ वॉट. म्हणजे ही पुडी गारठलेला हात पटकन गरम करणार नाही, पण उबदार हात दिवसभर उबदार ठेवेल. हे समजलं की “पाकीट बेकार निघालं” अशी निम्मी तक्रार उरत नाही.

उरलेल्या तक्रारी हवेच्या. पुडी फोडून लगेच मुठीत घट्ट आवळली किंवा घट्ट हातमोज्यात कोंबली तर तिला प्राणवायू मिळत नाही आणि ती थंडच राहते. फोडल्यावर हलवावी, १५ ते ३० मिनिटं खुल्या हवेत किंवा सैल खिशात ठेवावी, मग हातमोज्यात तळव्यापेक्षा हाताच्या पाठीवर बसवावी, कारण शिरा तिथे वरवर असतात आणि पकडही सुटत नाही. मध्येच गार वाटली तर बाहेर काढून पुन्हा हलवावी. आतली भुकटी गोळा होऊन बसली असेल तर बोटांनी चुरावी. वेष्टणातच दगडासारखी कडक लागणारी पुडी म्हणजे वेष्टणाला टाचणीएवढं भोक पडून ती आधीच गंजून गेलेली आहे. दुकानातून घेताना प्रत्येक पाकीट दाबून पाहावं, आत वाळूसारखं सरकायला हवं.

लेहला ३,५०० मीटरवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश मिळतो. पुडी तिथे पुण्यापेक्षा मंद तापते. केदारकंठा किंवा चादर ट्रेकला निघणाऱ्यांनी हे गृहीत धरून पाकिटं जास्त न्यावीत, आणि पायाची पाकिटं वेगळी घ्यावीत. पायाची पुडी बुटाच्या कोंदट हवेत चालेल अशी बनवलेली असते. ती हातात धरली तर भराभर जळून संपते, आणि हाताची बुटात घातली तर निपचित पडते. अदलाबदल करू नये.

एक बचतीची युक्ती खरोखर चालते. दोन तासांत काम झालं तर पुडी झिपलॉक पिशवीत टाकून हवा पूर्ण दाबून काढावी. प्राणवायू संपला की गंजणं थांबतं. दुसऱ्या दिवशी काढून हलवली की उरलेले तास मिळतात. वापरून झालेली पुडी सुक्या कचऱ्यात टाकावी. कुंडीत रिकामी करू नये, आत मीठ आहे.

याउलट वागतं ते ‘क्लिक’ पॅड: पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत द्रव आणि त्यात नाण्याएवढी धातूची चकती. चकती वाकवून टक् केलं की तिच्या कडेपासून पांढरा तुषार फुटतो, दोन-चार सेकंदांत पिशवीभर पसरतो, आणि पाहता पाहता अख्खी पिशवी कडक आणि गरम होते. आत सोडियम अ‍ॅसिटेट असतं. त्याचे स्फटिक ५८ अंशांना वितळतात, पण पूर्ण वितळलेला द्रव नंतर खोलीच्या तापमानालाही द्रवच राहतो. चकतीच्या टिचकीने गोठायला सुरुवात झाली की साठवलेली उष्णता सुटते. १०० ग्रॅमच्या पॅडमधून सुमारे २६ किलोज्यूल मिळतात, तेही अर्ध्या-पाऊण तासात. म्हणजे ११-१२ वॉट. थोडा वेळ, पण जोरदार. सकाळी बसस्टॉपपर्यंत जायला, परीक्षेच्या हॉलमध्ये पेन धरायच्या आधी, किंवा तबला-पेटीवर बसायच्या आधी बोटं मोकळी करायला याच्यासारखं दुसरं काही नाही. दिवसभरासाठी मात्र घेऊ नये.

पुन्हा भरायला पॅड उकळत्या पाण्यात ठेवतात. पातेल्याच्या तळाशी जुना पंचा घालावा, नाहीतर प्लास्टिक तळाला चिकटून वितळतं. पाच-दहा मिनिटं सांगतात ते अंदाजाने. खरी खूण म्हणजे आत एकही पांढरा कण दिसता कामा नये. चकतीच्या खाचेत आणि पिशवीच्या शिवणीच्या कोपऱ्यात कण लपून राहतात. एक जरी राहिला तरी निवताना पॅड आपोआप पुन्हा गोठतं आणि लोक म्हणतात चकती खराब झाली. तसं झालं तर पुन्हा उकळावं, या वेळी पाच मिनिटं जास्त. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही, आत धातू आहे.

इंधनावर चालणारा वॉर्मर इथे कमी लोकांना माहीत आहे, पण हिशेबात तो सगळ्यांच्या पुढे. जपानमध्ये १९२३ पासून हाक्किन ही कंपनी तो बनवते. ‘हाक्किन’ म्हणजे प्लॅटिनम. लायटरवाल्या झिप्पोचाही त्याच तत्त्वावरचा मिळतो. धातूच्या चपट्या डबीत कापूस, कापसात लायटरचं इंधन, आणि वर प्लॅटिनम लावलेल्या जाळीचा बर्नर. इंधनाची वाफ त्या जाळीवर ज्योतीशिवाय, संथपणे जळते. १२-१३ मिलीलिटर इंधनात अंदाजे ४०० किलोज्यूल असतात, आणि तेवढ्यात डबी सुमारे १२ तास चालते. म्हणजे ९ वॉटच्या आसपास, लोखंडी पुडीच्या चारपट. थंडी जितकी कडक, तितका हा उजवा.

पण याला हात बसावा लागतो. बर्नर उपटून कुपीने इंधन हळूहळू ओतायचं, कापसात मुरू द्यायचं, आणि डबी उलटी करून जास्तीचं झटकायचं. बर्नर ओला झाला तर पेटतच नाही, ही सगळ्यात नेहमीची अडचण. मग बर्नरला दहाएक सेकंद ज्योत दाखवायची. जाळी तापली की पुढचं काम ती आपणहून करते. डबी कापडी खोळीत घालूनच खिशात ठेवावी. बंद करायला बटण नसतं, बर्नर उपटूनच थांबवावा लागतो. पेट्रोल पंपावरचं पेट्रोल घालू नये, त्यातल्या मिसळलेल्या घटकांनी प्लॅटिनमची जाळी निकामी होते. मंद वास येतो, आणि डबी प्राणवायू खाते, म्हणून बंद तंबूत किंवा स्लीपिंग बॅगेत नको. इंधन भरून विमानातही नेता येत नाही. शहरातल्या ऑफिसकामासाठी हा घेणं म्हणजे उगाच उठाठेव. हिमालयात दरवर्षी जाणाऱ्याने किंवा टोरांटो-शिकागोत घरासमोरचा बर्फ उपसणाऱ्याने जरूर घ्यावा.

चार्जिंगच्या वॉर्मरची जाहिरात सगळ्यात जास्त दिसते. खोक्यावर लिहिलेली बॅटरीची क्षमता ५,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टच्या सेलवर १८.५ वॉट-अवर, अर्थात ६६ किलोज्यूल. लोखंडी पुडीएवढंच, पण पुन्हा पुन्हा भरता येणारं. सगळ्यात वरच्या पातळीवर तो दोन-तीन तासांत संपतो. मधल्या पातळीवर ठेवला तर ऊब पुरेशी आणि वेळ बराच. खोक्यावरचा ‘१२ तास’ हा आकडा बहुधा सगळ्यात खालच्या पातळीचा असतो. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, दोन्ही बाजू तापतात की एकच. एकच बाजू तापणाऱ्याने मुठीतली बोटं गारच राहतात. दोन, पातळी बदलायचं बटण हातमोज्यातून दाबता येतं का. तीन, सेलवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. फुगलेला, बाजूची शिवण उघडलेला वॉर्मर त्याच दिवशी ई-कचऱ्यात द्यावा. कडाक्याच्या थंडीत लिथियम सेलची ताकद घटते, म्हणून तो बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात न ठेवता आतल्या खिशात ठेवावा. विमानप्रवासात तो पॉवर बँकसारखाच, फक्त केबिन बॅगेत.

या सगळ्याला एक सावधगिरी लागू आहे. ४४ अंशांची वस्तू कातडीला सलग सहा तास चिकटून राहिली तरी भाजतं, चटका जाणवतही नाही. हातात ५० अंशांची पुडी घेऊन झोपणाऱ्याला तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून मध्ये कापड हवंच, आणि अंथरुणात काहीही तापतं ठेवायचं नाही. पिशवीने अंथरूण गरम करून ती बाजूला काढावी. मधुमेहामुळे बोटांची जाणीव कमी झालेल्यांनी या वस्तूंपासून दूरच राहून हातमोज्यांवर भर द्यावा.

हातमोजे विकत घेताना दिवाळीनंतर लागणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांच्या स्टॉलवर एक सोपी परीक्षा करता येते. हातमोजा ओठांना लावून जोरात फुंकावं. पलीकडे हाताला फुंकर लागली तर वारंही तसंच आत येणार. स्टॉलवरचे बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. घरात ठीक, गाडीवर निरुपयोगी. त्यांच्यावर वारारोधक कवच चढवलं तर मात्र तेच अस्तर म्हणून उत्तम. बोटांच्या टोकाशी अर्धा सेंटिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. घट्ट हातमोजा रक्तही अडवतो आणि ऊब धरणारी हवाही दाबून टाकतो. सुती हातमोजे घामाने ओले झाले की उलट गार करतात. आणि खरी थंडी असेल तर चारही बोटं एकत्र असणारे मिटन पाच बोटांच्या कुठल्याही हातमोज्यापेक्षा सरस ठरतात, बोटं एकमेकांना ऊब देतात म्हणून. ऑफिसच्या एसीसाठी बोटं उघडी असलेले, पण मनगटाचा चार-पाच बोटांएवढा भाग झाकणारे हातमोजे घ्यावेत. मनगटाशी धमनी कातडीलगत असते, तिथली ऊब वाया जात नाही. लॅपटॉपची अॅल्युमिनियमची कड मनगट सारखी थंड करते. तिथे फेल्टची पट्टी चिकटवली तरी फरक पडतो.

दुचाकीचा प्रश्न वाऱ्याचा आहे. १० अंशांच्या सकाळी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना उघड्या कातडीला ५-६ अंशांसारखं लागतं, वर ब्रेकची धातूची दांडी बोटातली ऊब शोषत राहते. हँडलच्या विजेवर तापणाऱ्या मुठी तळवा गरम करतात आणि वारा बोटांची पाठ गोठवतो. म्हणून पैसे आधी हँडलच्या कव्हरवर खर्च करावेत. हिमाचल-दिल्लीकडे स्कूटरवर दिसतात तसे हँडलवर चढवायचे जाड खिसे. त्यात पातळ हातमोज्यांनीही भागतं आणि ब्रेक-क्लचची जाणीव राहते. बसवल्यावर गाडी उभी असतानाच हात आत-बाहेर करून, इंडिकेटर आणि हॉर्न न बघता सापडतात का हे पाहावं. बॅटरीवर तापणाऱ्या हातमोज्यांतली तार बोटाच्या मुळाशी वाकून तुटते, ही त्यांची दुखरी जागा. मूठ सतत वळवायच्या कामासाठी ते घेऊ नयेत. धुलाई यंत्रात तर टाकूच नयेत.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू स्वयंपाकघरातली: आतून सुती अस्तर असलेले, कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे. जानेवारीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी हाताला लागतं तेव्हा दहा मिनिटं भांडी घासणं हा कित्येक हातांसाठी दिवसातला सगळ्यात मोठा गारठा असतो. एक माप मोठेच घ्यावेत. फ्रीझरमधून मटार किंवा बर्फ काढतानाही एक हातमोजा हाताशी असावा.

बोटं गारठून बधिर झालीच तर कढत पाण्यात घालू नयेत, त्यांना चटका कळत नाही. पाणी कोमट असावं, आणि ते कोपराने तपासावं. बाहेर असाल तर हात सरळ ठेवून खांद्यातून २०-३० वेळा गोल फिरवावा. वेगामुळे रक्त टोकांकडे ढकललं जातं. फुकटचा उपाय, पण कामाचा.

काही हातांना मात्र यातलं काहीच पुरत नाही. थंडीत किंवा ताणात बोटं आधी पांढरी, मग निळसर-जांभळी, मग लाल होऊन ठणकत असतील तर तो रेनॉडचा त्रास असू शकतो. मोरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरांनी तो १८६२ मध्ये नोंदवला. सावळ्या कातडीवर पांढरेपणा चटकन दिसत नाही, तो नखांखाली आणि बोटांच्या पेरांवर आतल्या बाजूने पाहावा, फोटो काढून ठेवावा, आणि तो फोटो डॉक्टरांना दाखवावा. कारण तपासायला जाल तेव्हा बोटं ठीक असतात. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड या दोन साध्या तपासण्यांत बरंच कळतं. रक्तदाबाच्या किंवा मायग्रेनच्या काही गोळ्यांनीही हात गार पडतात, तेव्हा चालू औषधांची यादी सोबत न्यावी. गोळी स्वतःहून बंद करू नये. तंबाखू आणि सिगारेट रक्तवाहिन्या आवळतात, ती चालू असेल तर वरचा सगळा खर्च पाण्यात. त्रास एकाच हाताला असेल, बोटांच्या टोकांना जखमा होत असतील, कातडी ताठ होत असेल, सांधे दुखत असतील किंवा हे सगळं तिशी-चाळिशीनंतर अचानक सुरू झालं असेल, तर वॉर्मर नंतर, डॉक्टर आधी.

खरेदीचा क्रम द्यायचा तर असा: घरासाठी रबरी पिशवी आणि भांड्यांचे हातमोजे, गाडी असेल तर हँडलचं कव्हर, प्रवासाला लोखंडी पाकिटं. चार्जिंगचा वॉर्मर त्यानंतर, आणि इंधनाचा फक्त बर्फात वावरणाऱ्यांनी.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करत गेली की या वस्तू नीट ठेवाव्या लागतात, नाहीतर पुढच्या कार्तिकात पुन्हा नवी खरेदी. रबरी पिशवी पूर्ण रिकामी करून झाकण उघडं ठेवून उलटी टांगावी, आत फुंकर मारून बाजू सुट्या कराव्यात, उन्हापासून आणि तेलापासून लांब. चार्जिंगचा वॉर्मर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा ठेवू नये, अर्धा भरून ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी पाहावा. क्लिक पॅड गोठलेल्या अवस्थेतच ठेवावं. द्रव असताना कपाटात चकतीवर काही पडलं तर ते तिथेच तापतं. इंधनाच्या डबीतलं इंधन संपेपर्यंत ती चालवून मग बर्नर लावून ठेवावी. लोखंडी पाकिटांवरची तारीख पाहून जुनी वर ठेवावीत, ती आधी वापरली जातील.